चिनी मातीच्या बशीला लिंबू लावू नका हो!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुनी चिनी मातीची भांडी चमकवायची टिप आली होती, लिंबू चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग घासणीने घासा. वाचून पोटात गोळाच आला, कारण हा उद्योग मी आधीच करून बसलेय. आजी ग्रँट रोडला ज्या पारशी बाईंचे कपडे शिवायची त्यांनी तिला एक चायनीज बशी दिलेली, कडेला निळी नक्षी, मधे गुलाबी फुलं. (पारशी व्यापाऱ्यांची गलबतं चीनच्या कँटन बंदरात जायची, त्यामुळे असा माल मुंबईत जुन्या पारशी घरांत सापडतो.) गेल्या गणपतीच्या साफसफाईत मी ती घासली तर निळं जसंच्या तसं आणि फुलांचे नुसते डाग उरले.

मला वाटलं गुलाबी रंग डुप्लिकेट होता. तसं नाहीये. निळा म्हणजे कोबाल्ट या धातूपासून केलेला रंग, तो कच्च्या भांड्यावरच रंगवतात, तेव्हा तो काळपट दिसतो, माती रंग लगेच पिऊन टाकते त्यामुळे कुंचला चुकला की चुकलाच, खोडाखोड नाही. मग वरून काचेसारखी झिलई चढवून साधारण १३०० डिग्रीला भाजतात, म्हणजे निळं कायमचं काचेखाली. चीनमधल्या जिंगदेझेन या भांड्यांसाठी प्रसिद्ध शहरातले कारागीर १४व्या शतकापासून हे करतायत. पण गुलाबी इतक्या आगीत टिकत नाही! तो भाजून झालेल्या झिलईवर रंगवतात आणि पुन्हा ७००-८०० डिग्रीच्या छोट्या भट्टीत घालतात. त्या गुलाबीत चक्क सोन्याचे अतिबारीक कण असतात, चीनमध्ये तो १७२०च्या आसपास रुळला. म्हणजे मी घासणीने सोनंच खरवडलं की!

वरचे हे रंग मऊ असतात, आंबटाने खराब होतात, घासलं की निघतात. ओळखायला सोपं आहे, बशी उजेडात तिरकी धरा आणि अलगद बोट फिरवा, वरचा रंग बऱ्याचदा किंचित उठून लागतो, निळा सपाट. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, काचेतून का होईना पण नीट बघा, कळतं.

तेव्हा कोमट पाणी, मऊ फडकं, बस. आणि दिवाळीची आवराआवर सुरू व्हायच्या आत त्याच पानावर चार ओळींची दुरुस्ती छापा, प्लीज.

- एक वाचक, गिरगाव