व्ह्यूजवर बक्षीस कशाला?

संपादक महोदय,

सणासुदीला होणाऱ्या व्हिडिओ स्पर्धांमध्ये हल्ली 'ज्याला जास्त व्ह्यूज, त्याला पहिला नंबर' असा नियम सर्रास दिसतो. हा आकडा नेमका कशाचा असतो, ते एकदा आयोजकांनी समजून घ्यावे म्हणून हे पत्र.

सोलापुरी चादरीवर बारा मिनिटांची फिल्म करायची म्हटले तर पहिली अडचण आवाजाची. माग चालू असताना कॉलर माइक लावूनही विणकराचे बोलणे खडखडाटात बुडते. म्हणून मुलाखत बाहेर शांत जागी घ्यायची आणि त्यावर जेकार्डची (मागावर नक्षी ठरवणाऱ्या यंत्रणेची) फिरणारी भोकांची पंचकार्डे, वरखाली होणारा ताणा, धोट्याची ये-जा अशी दृश्ये बसवायची. जुन्या ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले नाही तर चित्र लुकलुकते. एवढे करून त्या फिल्मला दोनशे व्ह्यूज मिळतात आणि उखळात शेंगा चटणी कुटतानाच्या वीस सेकंदांच्या शॉर्टला (यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओला) लाखभर. यात अन्याय वाटतो खरा, पण यूट्यूबला मेहनत दिसतच नाही. समोर आल्यावर किती जणांनी बोट लावले आणि लावल्यावर किती वेळ थांबले, हेच त्याला मुख्यतः दिसते. २०१२ पासून तिथे नुसत्या क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला वजन आहे.

हिशेब सोपा आहे. व्हिडिओचे थंबनेल, म्हणजे यादीत दिसणारे छोटे चित्र, दहा हजार वेळा लोकांसमोर आले आणि दोन टक्क्यांनी उघडले, तर दोनशे व्ह्यूज; सहा टक्क्यांनी उघडले, तर सहाशे. फिल्म तीच, फरक फक्त थंबनेल आणि शीर्षकाचा. पण महिनाभर खपलेला माणूस थंबनेल शेवटच्या दहा मिनिटांत उरकतो! मोबाइलवर ते काडेपेटीएवढे दिसते. त्यावर पाच-सहा शब्द कोंबले तर एकही वाचता येत नाही. पुढची गळती पहिल्या तीस सेकंदांत. आधी फिरता लोगो, मग सिद्धेश्वर तलावावरचे ड्रोन, मग 'नमस्कार मंडळी' आणि सबस्क्राइबची विनवणी. तोवर निम्मे लोक गेलेले असतात. यूट्यूब स्टुडिओतल्या (चॅनेलमालकाला आकडे दाखवणाऱ्या पानावरच्या) प्रेक्षक टिकून राहण्याच्या आलेखात ही घसरगुंडी स्पष्ट दिसते.

त्यात शॉर्ट आणि मोठा व्हिडिओ यांचे व्ह्यूज एका तराजूत तोलणे तर साफ चूक. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, पुन्हा फिरला की पुन्हा एक. किमान वेळेची अटच नाही. कमाईसाठी मात्र यूट्यूब हा आकडा धरत नाही, 'एंगेज्ड व्ह्यूज', म्हणजे सुरुवातीनंतरही थांबून पाहिलेले, वेगळे मोजते. ज्यांचा आकडा, तेच त्यावर पैसे देत नाहीत; आपण त्यावर ढाल देतो.

काही व्हिडिओंची चाल मुळातच संथ असते. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात कुणी विचारत नाही. पण पावसाळी दमट हवा पडली, फळांवर तेलकट डाग दिसू लागले की सांगोला-मंगळवेढ्याचा बागायतदार तोच शोधून काढतो, पुढच्या वर्षीही काढतो. पंधरा दिवसांत निकाल लावणाऱ्या स्पर्धेत असा व्हिडिओ कुठे बसणार? आणि ज्याच्या चॅनेलला आधीच पन्नास हजार सबस्क्रायबर आहेत, त्याच्याशी नवख्याची शर्यत लावण्यात तरी काय अर्थ?

आयोजकांना एवढेच सुचवायचे आहे : शॉर्ट आणि मोठे व्हिडिओ यांचे गट वेगळे करा. फाइल थेट मागवा आणि परीक्षकांना ती पूर्ण पाहायला लावा. प्रेक्षकांचा कौल हवाच असेल तर व्ह्यूजऐवजी सरासरी किती टक्के व्हिडिओ पाहिला गेला, त्याचा स्टुडिओतला स्क्रीनशॉट प्रवेशिकेसोबत घ्या; मात्र लहान व्हिडिओचा टक्का आपोआप जास्त येतो, म्हणून तुलना साधारण सारख्या लांबीच्या व्हिडिओंचीच करा.

– व्हिडिओ संकलन करणारे काही व्यावसायिक, सोलापूर