काट्यावरचे पाप आणि रविवारची माफी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) निमित्ताने आपल्या अंकात आलेला लेख वाचला. ख्रिस्ती माणूस आठवडाभर वाट्टेल ते करतो, रविवारी देवाची माफी मागतो आणि सोमवारी पुन्हा मोकळा, असा लेखकाचा रोख आहे. राग आला नाही. आमच्या मंडळीतही, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांतही, असेच समजणारे आहेत, अगदी पहिल्या बाकावर बसणारेसुद्धा. पण ही ख्रिस्ती शिकवण नव्हे, म्हणून लिहिते आहे.

माझे वडील दारव्हा तालुक्यात एका खासगी व्यापाऱ्याकडे मापारी होते. 1972 साली सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, त्याच्या आधीची ही गोष्ट. हंगामात कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची. काटा पुरता थांबायच्या आत वजन पुकारायचे, वरून कचऱ्याच्या नावाने कटती लावायची, हे मालकाने शिकवलेले आणि वडिलांच्या हाताला बसलेले. रविवारी हेच वडील उपासनेत पेटी वाजवत. दारू नाही, तंबाखू नाही. आई कधी बोललीच तर म्हणत, “पाप तं दारू पिणाऱ्याचं. हा धंदा हाय.”

युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारे विद्यालय, 1983 मध्ये पुण्याला गेली, तोवर ती यवतमाळात होती. तिथले विद्यार्थी खेड्यापाड्यांत प्रार्थनासभा घ्यायला येत. त्यांच्यातल्या एका पोराने आमच्याकडे बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातल्या जक्कयावर प्रवचन दिले. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. रोमी सरकारसाठी कर गोळा करायचा आणि त्यात स्वतःचे घर भरायचे, असा त्या धंद्याचा लौकिक. येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याला खाली बोलावतो आणि आज तुझ्याच घरी उतरणार म्हणतो. मग जक्कय उठून सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो.

वडील चिडले. शहरातल्या पोराला काटा काय कळतो, म्हणाले. पण पुढच्या हंगामात वजन पुकारताना अडखळू लागले, हे मालकाच्याही लक्षात आले. शेवटी पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, जाऊन सगळे कबूल केले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, ख्रिस्ताच्या नावाने क्षमा आहे असे सांगितले, आणि मत्तयाचा पाचवा अध्याय उघडून वडिलांनाच वाचायला लावले: वेदीवर अर्पण आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

चौपट द्यायला आमच्याकडे होते काय! बायबलच्या जुन्या करारातल्या गणना या पुस्तकात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असे आहे, तेवढेही नव्हते. ज्यांची नावे आठवली त्यांच्या दारात वडील गेले. कुणाला थोडे पैसे दिले, कुणाच्या वावरात फुकट वेचणी केली. काही ठिकाणी मीही सोबत होते. एक जण हसला, “आमाले का मालूम नोतं बापू? काट्याच्या दोरीवर तुयाच हात रायत होता.” दुसऱ्याने आईबहिणीवरून शिव्या दिल्या आणि मरेपर्यंत तोंड पाहिले नाही. त्याला तो हक्क होता, असे मला वाटते. एका घरी गेलो तर शेतकरीच वारलेला. त्याची बायको म्हणाली, “आता त्याईले कोठून सांगू?” मालकाने वडिलांना अर्थातच काढून टाकले.

लेखकाला मी सांगू इच्छिते ते या दारांमध्ये आहे. भरपाई ही क्षमेची किंमत नव्हती. तशी असती तर आमच्यासारख्या गरिबाला क्षमा परवडलीच नसती. येशू जक्कयाच्या घरी जायला निघाला तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. क्षमा आधी मिळाली, म्हणून लोकांच्या तोंडाकडे पाहण्याची हिंमत आली. वडील तर म्हणत, देवाने टाकले असते तर मी कबूलच केले नसते, धंदा हाय म्हणत बसलो असतो.

आणि मेलेल्या शेतकऱ्याचे काय? तिथे माणूस पुरा अडतो. बायबलातले 51वे स्तोत्र दावीद राजाच्या पश्चात्तापाचे आहे. त्याने आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवले, आणि नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावले तेव्हा उरीया कबुली ऐकायला उरलाच नव्हता. अशा वेळी देवासमोर उघडे पडण्यावाचून दुसरे दार नसते. वडिलांना ते स्तोत्र पाठ होते, पण मंडळीत मोठ्याने म्हणायला ते तयार होत नसत.

लेखकाचा अर्धा आरोप मात्र मला मान्य आहे. आजकालच्या सभांमध्ये साक्षी होतात, म्हणजे देवाने आपल्याला कसे बदलले ते लोक उभे राहून सांगतात, त्या बहुतेक दारू सुटल्याच्या. ती सुटावीच. पण धुरा (बांध) कोरून शेजाऱ्याच्या वावरातल्या दोन ओळी आपल्याकडे ओढल्या, निंदणाच्या बायांची मजुरी अडवली, सुनेच्या माहेरी पैसे मागितले, अशी साक्ष माइकवर मी अजून ऐकलेली नाही. ‘आम्ही सगळे पापी’ असे एका सुरात म्हणून घरी जाता येते. पाळकांनी तिथेच थांबवून विचारायला हवे: कुणाचे, किती, आणि परत कधी करणार?

माझे नाव छापू नये ही विनंती. वडील आता नाहीत, पण त्या व्यापाऱ्याची मुले गावातच आहेत आणि त्यांच्याशी आमचे बरे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ