ते कुजकं लाकूड

आदरणीय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. पाऊस नुकताच सरला होता. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, शिलोंड्याच्या वाटेवर तुम्ही आमच्या गटासोबत होतात. हातात काठी, खांद्यावर टॉवेल. मी ती निळ्या छत्रीवाली. ओढ्यात उतरून कॅमेरा लावला होता आणि फोटोत आडवं येणारं एक कुजकं लाकूड ओढून काढायला हात घातला होता. तुम्ही मागून म्हणालात, "मॅडम, ते राहू द्या. त्यांची बाळंतपणाची खोली आहे ती."

खरं सांगते, मला राग आला होता. पहाटे उठून आलेली, बुटात पाणी, गुडघे भरून आलेले, आणि समोर दगडावर ती टाचणी, म्हणजे चतुरासारखाच दिसणारा नाजूक कीटक, बसलेली! कॅमेऱ्याचं भाडंही त्या दिवसापुरतंच भरलं होतं.

चतुर तेवढे माझ्या ओळखीचे. लहानपणी त्यांच्या शेपटीला दोरा बांधण्याचं पापही केलंय. टाचणी वेगळी, ती बसली की पंख पाठीवर मिटून घेते, एवढं ऐकून होते. पण ही नेहमीच्या काडीसारख्या टाचण्यांतली नव्हती. जेमतेम ३ सेंटिमीटरचा नर. अंग बुटकं, शेपूट पंखांहूनही आखूड, तोंड नाकासारखं पुढे आलेलं. काळ्या छातीवर लालसर गुलाबी खूण. पंख मुळाशी काचेसारखे, पुढे काळे, आणि त्या काळ्यात उन्हाची तिरीप पडली की तांब्याचा नि जांभळा झळाळ. सावली आली की सगळं विझायचं. दुसरा नर आला तेव्हा दोघं समोरासमोर हवेत तरंगत राहिले, नुसते पंख दाखवत. मारामारी नाही, भांडण मात्र पूर्ण.

घरी येऊन शोधलं: स्ट्रीम रुबी, शास्त्रीय नाव हेलिओसायफा बायसिग्नाटा, विज्ञानात नोंद १८५३ सालची. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ही सापडत नाही. पण हे सगळं नंतरचं. तुम्ही तेव्हा बोटानं दाखवलंत ते लाकडाच्या बुडाशी. तिथं मादी बसली होती. काळपट अंग, पिवळे ठिपके, पंख अगदी साधे. मी तिला माशी समजून सोडून दिलं होतं. शेपटीचं टोक ती त्या भिजलेल्या लाकडात टोचत होती, शिवणाऱ्या बाईसारखी, एकेक टाका. प्रत्येक टाक्याला एक अंडं.

म्हणजे मी फोटोसाठी उचलणार होते, ती तिची पुढची पिढी.

पिल्लं पाण्यातच वाढतात, शेपटीला काट्यांसारखे दोन कल्ले असतात, हेही नंतर वाचलं. वाहतं, स्वच्छ पाणी, वर झाडांची सावली, मध्ये थोडं ऊन, खाली दगड आणि पडलेली लाकडं. आपण ज्याला कचरा म्हणतो तो त्यांचा संसार. आमची दहिसर नदीही याच जंगलातून निघते, पण आमच्या पुलाखाली पोचेपर्यंत तबेल्यांचं शेण आणि प्लॅस्टिक पोटात घेऊन येते. आम्ही तिला नालाच म्हणतो. त्या पुलावर मी टाचणी शोधायला दोनदा उभी राहिले. नाही दिसली. दिसणारही नाही.

काका, त्या दिवशी मी "बरं" एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं. आभार तेव्हाच मानायला हवे होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत, नियमही सांगितला नाहीत. नुसतं दाखवलंत.

फोटो चांगला आलाय. डाव्या कोपऱ्यात लाकडाचं टोक आहे, ते मी कापलं नाही. त्याची एक प्रत तुमच्यासाठी काढून ठेवलीय. पुढच्या पावसानंतर गेटवर येऊन खांद्यावर टॉवेलवाले काका कोण, म्हणून विचारीन.

तुमची,
दहिसरची छत्रीवाली