शांत खोलीतली परीक्षा पुरेशी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोललेले मराठी ऐकून आपोआप लिहून घेणाऱ्या यंत्रणा आता मदतवाहिन्यांवर येऊ लागल्या आहेत आणि त्यांच्या अचूकतेचा दाखला म्हणून शंभर शब्दांमागे किती चुकले, गळले वा जादा घुसले याचा एकच आकडा पुढे केला जातो. टेलिफोन खात्यात उमेदीची वर्षे काढल्यामुळे या आकड्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

साधी फोनलाइन आवाजातला सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे नेते. ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असल्याने तो वाटेतच गळतो. माणूस संदर्भाने ही उणीव भरून काढतो, पण स्वच्छ ध्वनिमुद्रणांवर शिकलेले यंत्र अडखळते. त्यावर उपाय म्हणून त्या मुद्रणांत नंतर गोंगाट मिसळला जातो. तो उपयोगी असला तरी अपुरा आहे, कारण पंपाशेजारी उभा असलेला माणूस नुसता मोठ्याने नव्हे तर वेगळ्या धाटणीने, स्वर ताणून बोलतो. लोंबार्ड या फ्रेंच वैद्याने हे १९११ मध्येच नोंदवले होते.

शिवाय सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘हे औषध कपाशीवर फवारू नका’ या वाक्यातला शेवटचा शब्द गळला तर हिशेबात एकच चूक धरली जाते, पण सल्ला उलटा होतो. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी, आवाज उतरतो तिथेच येतो, आणि बोलणे संपले असे समजून घाईने कान मिटणारे यंत्र नेमका तोच शब्द गमावते. एकोणसाठ-एकोणसत्तर, दीडशे-अडीचशे यांचीही तीच गत. आमच्या वऱ्हाडात ‘केळी’ची ‘केयी’ होते, ती वेगळीच.

म्हणून सरकारी पैशातून अशी यंत्रणा घेताना संमतीने नोंदवलेल्या खऱ्या फोनसंभाषणांवर तिची परीक्षा घ्यावी. बोलीनिहाय निकाल आणि आकडे व नकार यांतील चुका स्वतंत्रपणे जाहीर कराव्यात. रक्कम किंवा औषधाची मात्रा यंत्राने परत वाचून दाखवावी आणि कॉल करणाऱ्याने ‘नाही’ म्हणताच फोन माणसाकडे जावा. अर्थात, तो ‘नाही’ तरी यंत्राला ऐकू येतो का, हेही आधी तपासावे लागेल.

आपला,
एक निवृत्त दूरध्वनी कर्मचारी, अमरावती