निवडीनंतरचं काम

संपादक महोदय,

कलासंग्रहालयांतील करिअरवरच्या आपल्या लेखात क्युरेटर (प्रदर्शनासाठी कलाकृती निवडणारा) म्हणजे चोखंदळ नजर आणि संचालकपद म्हणजे त्या नजरेला मिळालेली बढती, असं मांडलं आहे. दोन्ही अर्धवट आहे.

चित्रांची यादी लवकर होते. ती भिंतीवर यायला वर्ष-दोन वर्षं जातात. उसनं चित्र मागताना पत्रासोबत आपल्या इमारतीचा अहवाल द्यावा लागतो: तापमान, आर्द्रता, पहारा, आगीपासूनचं संरक्षण. विमाही 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत', म्हणजे चित्र मालकाच्या भिंतीवरून उतरल्यापासून पुन्हा तिथं टांगेपर्यंतचा. खोकं आलं की लगेच उघडायचं नाही. साधारण 24 तास दालनाच्या हवेत बंदच ठेवायचं. उद्घाटन तोंडावर आलं की नेमकी इथंच घाई होते. थंड चित्रावर दमट हवेचं पाणी धरतं, कॅनव्हास आणि रंगाचा थर वेगवेगळ्या गतीनं ताणतात-आकसतात आणि पोपडे सुटतात. उघडल्याबरोबर स्थिती-अहवाल: प्रत्येक तडा, ओरखडा फोटोसह. तो राहिला, तर परतीच्या वेळी दिसलेला ओरखडा कुणाच्या ताब्यात असताना पडला, हा वाद मिटत नाही. कागदावरच्या कामांना 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड, तोही तीन-चार महिने, मग काही वर्षं अंधार. दालनात काळोख आहे, अशी प्रेक्षकांची तक्रार येतेच. ती सोसायची, कारण उडालेला रंग परत येत नाही.

संचालकाचा धंदा निराळा: विश्वस्त, देणगीदार, पगार, गळकं छप्पर. आल्फ्रेड बार 1929 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे पहिले संचालक झाले. पिकासोचं 'ले दम्वाझेल दाव्हिन्यों' हे गाजलेलं चित्र 1939 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत आलं. त्यासाठी संग्रहातलं फ्रेंच चित्रकार देगा यांचं चित्र विकलं गेलं. अशी नजर असूनही 1943 मध्ये विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष स्टीफन क्लार्क यांनी त्यांना पदावरून काढलं. बार मात्र तिथंच राहिले, 1947 मध्ये संग्रहांचे संचालक झाले आणि 1967 मध्ये निवृत्त झाले. संचालकपद 14 वर्षं, संग्रह 20.

नवख्यांना लेखात कलेतिहासाची पदवी सुचवली आहे. जोडीला संग्रहालयाच्या नोंदणी विभागातली, म्हणजे कलाकृतींची ने-आण आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या विभागातली, उमेदवारीही सुचवायला हवी होती. सोनेरी मुलाम्याच्या चौकटीला सुती हातमोज्यांनी हात लावायचा नाही, धागे अडकून मुलामा उचकटतो, नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) घ्यायचे. हे तिथंच कळतं.

एक वाचक