पंखे जरूर द्या, पण आधी पत्र्याखाली छत घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेला दात्यांनी पंखे दिल्याची बातमी आपल्या अंकात फोटोसह आली होती. देणाऱ्यांचे आभार मानायलाच हवेत. पण त्या फोटोत पंख्यांच्या वर जे दिसत होतं त्याबद्दल लिहायचं आहे. वर नुसता उघडा पत्रा होता.

मी जांबोटी भागातला सुतार. वडिलांच्या हाताखाली कौलं शाकारायला शिकलो, आता पोटासाठी पत्रेही ठोकतो. माझी मुलगी अशाच एका पत्र्याच्या वर्गात बसते. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडा हक्क आहे, असं समजतो.

शाळांवरची मंगळुरी कौलं का गेली, ते आम्हा कारागिरांना ठाऊक आहे. वानरं कौलं फोडतात, वासे-रिपांना वाळवी लागते आणि दरवर्षी मृगाच्या आत शाकारायला माणूस मिळत नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून या कौलांनी आपल्याकडच्या पावसाशी झुंज दिली. पण पत्रा एकदा ठोकला की काही वर्षं बघायला नको, हेही खरंच. त्यामुळे पत्रे काढा, असं मी म्हणत नाही.

मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेचा धडा आहे. वहन, अभिसरण आणि प्रारण, या उष्णता जायच्या तीन वाटा. पत्र्याचा वर्ग का तापतो, असं विचारलं की पोरं एका सुरात सांगतात, 'लोखंड सुवाहक आहे म्हणून.' परीक्षेत मार्क मिळतील, पण उत्तर अर्धंच आहे. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. त्यातून उष्णता आरपार जाणारच. कौलही काही फार जाड नसतं, दीड-एक सेंटिमीटर. तरी कौलाखाली बरं वाटतं, कारण कौलांच्या फटींतून वर चढलेली गरम हवा निघून जाते, आणि भाजलेली माती वळवाचं पाणी पिऊन ते हळूहळू वाफेने सोडते. पत्र्याला ना फट, ना ओल. भर उन्हात तो साठ अंशांच्या पुढे सहज जातो आणि तापला की खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उष्णता फेकू लागतो. हे प्रारण. त्याला हवा लागत नाही. सूर्याची उष्णता मधल्या पोकळीतून आठ मिनिटांत पृथ्वीवर येते, ती याच वाटेने.

पटत नसेल तर मार्चमध्ये दुपारी अशा वर्गात जाऊन बघा. आम्ही पोरांना करून दाखवलं. मधल्या बाकावर बसायचं, तोंड वर करायचं आणि नकाशाचं पुस्तक कपाळापासून हातभर वर आडवं धरायचं. झळ त्याच क्षणी थांबते. पुस्तक काढलं की लगेच परत येते. वर्गातली हवा तीच, पंखा तोच. एका पोराने पुस्तक तीन-चार वेळा आत-बाहेर केलं आणि म्हणाला, 'सावली पडल्यासारखं वाटतंय की हो, पण ऊन तर आत नाहीच.' बरोबर बोलला. ती सावलीच होती, न दिसणाऱ्या किरणांची. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवला होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. अवरक्त किरण म्हणतात ते हेच.

आता पंख्याकडे या. पंखा घाम वाळवतो, तेवढा आराम आहे. पण पत्र्यापासून डोक्यापर्यंत येणारे किरण त्याच्या वाऱ्याने हटत नाहीत. उलट आढ्याखाली साचलेली गरम हवा तो खाली ओढून आणतो. आढ्याला वाट नसेल तर ती हवा दिवसभर वर्गातच घुसळत राहते.

पावसाळ्यात हाच पत्रा दुसरा धडा शिकवतो, ध्वनीचा. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. मलप्रभा उगाच इथे उगम पावत नाही. आषाढात एकदा मुलीच्या शाळेच्या दाराची चौकट बसवत होतो. आत गुरुजी शिकवत होते. सर आली तसा त्यांचा आवाज नाहीसा झाला, फक्त ओठ हलताना दिसत होते. मग त्यांनी खडू उचलला आणि सर ओसरेपर्यंत फळ्यावर लिहीत राहिले. मागच्या बाकावरची पोरं लिहायचं सोडून एकमेकांशी खाणाखुणा करत होती.

पत्रा पातळ, हलका आणि दोन लोखंडी आडव्या चॅनेलांमध्ये ताणलेला, म्हणजे हलगीच. थेंब पडला की तो थरथरतो, खालची हवा थरथरते आणि तीच लाट कानापर्यंत येते. कौलं जड, छोटी, रिपांवर सुटी बसलेली असतात. त्यांची थरथर सांध्या-सांध्यांत जिरून जाते. मागच्या बाकाचं दुखणं आणखी वेगळं आहे. गुरुजी पुढे उभे, त्यामुळे मागे जाईल तसा त्यांचा आवाज क्षीण होतो. पावसाचा आवाज मात्र सगळ्या छपरातून येतो, तो पहिल्या बाकावर जेवढा तेवढाच शेवटच्या. गुरुजींनी घसा फोडून भागत नाही, कारण आवाज मोजायच्या डेसिबलचा हिशेब साधा नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. वर्ग चालू असताना आतला गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरता येतो आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. बाहेरच्या कर्ण्यासाठी कायदा आहे, डोक्यावरच्या छपराला कोण विचारतो?

दोन्ही दुखण्यांवर औषध एकच आहे. पत्र्याखाली वीतभर तरी पोकळी ठेवून छत घालायचं. छत मध्ये आलं की पत्र्याचे किरण तिथेच अडतात, पावसाचा दणकाही बराच जिरतो. पोकळीतली गरम हवा मात्र निघाली पाहिजे, म्हणून आढ्याला आणि वळचणीला जाळी लावून फट ठेवायची. जाळी बारीक हवी, नाहीतर वटवाघळं बिऱ्हाड करतात. बुरुडाच्या तट्ट्या स्वस्त पडतात, ऊन छान अडवतात, पण आवाजाला पुरत नाहीत. त्याला वजन लागतं, म्हणून सिमेंटची फायबर बोर्ड बरी. जिप्समचं छत आमच्याकडच्या दमट हवेत फुगतं. थर्माकोल कोणी फुकट दिला तरी शाळेत लावू नका, आग लागली तर पोरांना बाहेर काढायला वेळ मिळणार नाही.

छताला पैसे नसतील तर निदान पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. चकचकीत पत्रा थोडं ऊन परतवतो, पण एकदा तापला की उष्णता सोडायला कंजूष असतो. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि तापलेपण आभाळाकडे सोडूनही देतो. पत्र्याची खालची बाजू मात्र रंगवू नका, चकचकीतच राहू द्या, म्हणजे डोक्यावर कमी फेकेल. काही ठिकाणी दिवाळीआधीच चुना मारतात आणि परतीच्या पावसात तो वाहून जातो. संक्रांत झाल्यावर मारावा, एप्रिलात सुट्टी लागेपर्यंत नक्की टिकतो.

पुढच्या वर्षी शाळांना काही द्यायचं ठरवणाऱ्या मंडळांनी पंख्यांची ऑर्डर देण्याआधी गावातल्या एखाद्या सुताराला सोबत घेऊन वर्गात दुपारी अर्धा तास बसावं आणि खर्चाचा अंदाज तिथेच काढावा. आमच्या गावच्या एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीला, मी सांगून ठेवलं आहे. बोर्ड आणि स्क्रू शाळेने आणावेत, मजुरी माझ्याकडे लागली.

आपला,
एक सुतार व पालक
ता. खानापूर, जि. बेळगाव