बाबा, बेबीआत्याला नेमकं काय झालं होतं?

पुणे, ६ जून

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा फोन आईकडे देतात, आणि आई 'जेवलीस का' वर येते. म्हणून लिहितेय.

एप्रिलमधलं ऑपरेशन पाठीचं होतं, असं आम्ही दोघींनी बाबांना सांगितलं. बाबा, पाठीसाठीच होतं, पण पाठीवर नव्हतं. छातीचा भार कमी करून घेतला. आईला सगळं ठाऊक आहे. मी नववीत असल्यापासून माझ्या ब्राच्या पट्ट्या उसवून, तुमच्या जुन्या धोतराचं मऊ कापड दुमडून रुंद पट्ट्या शिवून देणारी तीच. तरी खांद्यांवर बोट बसेल एवढे खड्डे पडलेच. उजवीकडून ६८० ग्रॅम निघालं, डावीकडून ६१०. मान आता दुखत नाही, याचा आनंद आधी नोंदवते.

काढलेला भाग टाकून देत नाहीत. उजवा-डावा वेगवेगळ्या डब्यांत फॉर्मलिनमध्ये घालून तपासायला पाठवतात. मला तो नुसता सोपस्कार वाटला, कारण आधीची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, स्वच्छ होती. दहा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आलं, सोबत एक शब्दही नाही. (याबद्दल मी तिथे जाऊन भांडून आले.) उजव्या बाजूला 'अ‍ॅटिपिकल डक्टल हायपरप्लासिया'. मी ते वाचत बसले आणि कुकरमधल्या डाळीचा कोळसा झाला.

हा कॅन्सर नाही. दुधाच्या नळ्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी नको तेवढ्या वाढल्यात आणि त्यांची ठेवण बिघडलीय. मॅमोग्राफीत हे पुष्कळदा दिसतच नाही. काढलेल्या भागाच्या काचेवरच्या स्लाइड आणि मेणात बसवलेले तुकडे पिशवीत घालून मी परळला टाटामध्ये दाखवून आले. तिथेही तेच निदान.

पण सोडूनही देता येत नाही. अशा बायकांना पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांच्या साधारण चौपट असते. अमेरिकेत मेयो क्लिनिकने अशा बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, तेव्हा २५ वर्षांत शंभरातल्या सुमारे ३० जणींना तो झाला. आई, तू तीसच ऐकशील, म्हणून उरलेल्या सत्तर मीच मोजून सांगते. आणि तो दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला होऊ शकतो, म्हणजे खराब भाग निघाला, सुटलो, असंही नाही. दरवर्षी मॅमोग्राफी, मध्ये डॉक्टरांकडून तपासणी. टॅमॉक्सिफेनची ५ मिलिग्रॅमची गोळी तीन वर्षं घ्यायची का, हे अजून ठरवलेलं नाही. तिने धोका कमी होतो, पण अंगातून वाफा येतात, आणि गर्भाशयाच्या अस्तराकडे लक्ष ठेवावं लागतं.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. फॉर्मवर घराण्यातली दुखणी लिहायची होती. आईकडची भराभर लिहिली. बाबांकडच्या रकान्यात काही सुचेना. मला वाटायचं, हे आईकडूनच येतं. डॉक्टर म्हणाल्या, वडिलांकडूनही तितकंच येतं.

मला बेबीआत्या आठवते. भर मे महिन्यात दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून ओटीवर बसायची, जवळ गेलं की हळदीचा वास यायचा. मी दुसरीत असताना दिवाळीला ती नव्हती. विचारलं तर आजी म्हणाली, 'तिचं दुखणं होतं.' त्यापुढे आपल्या घरात कुणी कधी गेलंच नाही.

बाबा, ती तुमची सख्खी बहीण. गाठ छातीत होती की गर्भाशयात? तेव्हा तिचं वय काय होतं? पन्नाशीच्या आतलं की नंतरचं, यावर माझ्या पुढच्या तपासण्या ठरतील. तुम्हाला माहीत नसेल तर साताऱ्याच्या नानाकाकांना विचारा. माझ्याशी बोलायला अवघड वाटत असेल तर कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवा, आई मला फोटो पाठवेल. १४ तारखेला मला दाखवायला जायचंय, त्याआधी हवं.

आणि आई, तुझी स्वतःची मॅमोग्राफी एकदाही झालेली नाही, हे मला माहीत आहे. १४ला तूही चल. सकाळची शिवनेरी पकड, मी स्वारगेटला घ्यायला येते.

तुमची लेक